दोन सुलट, दोन उलट

फोन आला तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. नंबर अनोळखी. पलीकडच्या माणसानं आधी नाव सांगितलं आणि मला ओळख लागत नाही हे लक्षात आल्यावर म्हणाला, "तुमचा जुना लॅपटॉप माझ्याकडे आहे. ओळखीतून घेतला होता बघा." मला वाटलं, चार्जर बिघडला असेल, नाहीतर स्क्रीनवर रेघ आली असेल. तो म्हणाला, "छे, लॅपटॉप उत्तम चालतोय. माझीच एक फाइल चुकून डिलीट झाली म्हणून रिकव्हरीचं सॉफ्टवेअर चालवलं. माझी फाइल सापडली नाही, पण तुमचं बरंच काही वर आलंय. फोटो आहेत, कागदपत्रं आहेत. आणि एक आवाज आहे, कोणा बाईंचा. विणकामाचं काहीतरी सांगताहेत. बाकी सगळं मी काढून टाकणार आहे, पण हे तुम्हाला विचारल्याशिवाय पुसायला हात होईना."

ओल्या चादरीचं एक टोक दोरीवर होतं आणि दुसरं माझ्या हातात. मी ते तसंच धरून उभी राहिले. आवाज आईचा होता. ती जाण्याच्या वर्षभर आधी मी तो फोनवर रेकॉर्ड केला होता. स्वेटरचा गळा मला कधीच जमला नाही, दर वेळी तिला विचारावं लागायचं. म्हणून एकदा म्हटलं, सगळं पहिल्यापासून सांग, मी भरून ठेवते. अकरा मिनिटं. पुढे तो फोन बंद पडला. लॅपटॉपवर उतरवून घेतलेली फाइल एका साफसफाईत माझ्याच हातून गेली, आणि ती गेल्याचं मला कळलं ते आई गेल्यानंतर, शोधायला बसले तेव्हा. तीन वर्षं मी तो आवाज गेला असंच धरून चालले होते. आता एक परका माणूस तो मला परत देत होता. "फाइलचं नाव गेलंय," तो म्हणाला, "नुसता आकडा उरलाय. म्हणून थोडं ऐकावं लागलं, काय आहे ते कळायला. थोडंसंच ऐकलं." मी त्याचे आभार मानले, अगदी मनापासून. त्यानं फाइल पाठवली. "बाकीचं काढून टाकू ना?" असं विचारलं. मी हो म्हटलं आणि फोन ठेवला.

'थोडंसंच ऐकलं' हे शब्द मात्र पुढे कित्येक दिवस कानात राहिले.

माणूस सरळ होता, यात मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. तसा नसता तर त्यानं फोनच केला नसता. पण त्या डिस्कवर आणखी काय काय होतं याची यादी रात्री अंथरुणावर पडल्यावर आपोआप मनात सुरू व्हायची. आईच्या शेवटच्या वर्षातले सगळे रिपोर्ट होते. बँकेची विवरणं होती. तिला घेऊन दवाखान्याच्या फेऱ्या चालू होत्या त्या दिवसांत धाकट्या बहिणीवर चिडून लिहिलेलं आणि कधीच न पाठवलेलं एक पत्र होतं. आता ते वाचलं तरी मला घाम फुटतो, इतकं ते एकतर्फी आहे. यातलं त्यानं काय पाहिलं? विचारणं शक्य नव्हतं. ज्यानं आईचा आवाज परत दिला, त्याला 'तुम्ही आणखी काय उघडलंत' हे कुठल्या तोंडानं विचारणार? आणि त्यानं काहीच उघडलं नसेल, तर असा प्रश्न ऐकून त्याला काय वाटेल? एकाच फोनमध्ये माझं सगळ्यात मोलाचं मला परत मिळालं होतं आणि सगळ्यात खासगी ते उघड्यावर पडलं होतं. दोन्हींचं कारण एकच होतं. पुसलेलं पुसलं गेलं नव्हतं.

लॅपटॉप देताना मी निष्काळजीपणा केला होता असंही नाही. सगळे फोल्डर डिलीट केले, कचऱ्याची टोपली रिकामी केली, डिस्क फॉरमॅट करून सगळं नव्यानं बसवून दिलं. पण झटपट फॉरमॅटमध्ये फक्त नोंदवही नवी होते. घरावरची पाटी काढली म्हणून आतली माणसं कुठे जात नाहीत. त्या जागेवर दुसरं कोणी राहायला येईपर्यंत ती तिथंच असतात. जुन्या फिरत्या डिस्कवर तर वर्षानुवर्षं असतात. आणि ज्या पासवर्डवर मी इतकी वर्षं विसंबून होते, लॅपटॉप उघडला की विचारला जातो तो, त्याचा इथं काही संबंधच नव्हता. तो पासवर्ड दारात उभ्या रखवालदारासारखा. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली किंवा पेनड्राइव्हवरून दुसरी सिस्टिम चालू केली, की त्या रखवालदाराला कोणी विचारतही नाही. लॅपटॉप चोरीला गेला असता तरी हेच झालं असतं, फक्त फोन आला नसता.

यावर वाचायला लागले तेव्हा एक जुना शोधनिबंध हाती लागला. सिम्सन गारफिंकेल आणि अभि शेलाट हे एमआयटीतले दोन विद्यार्थी. २००० ते २००२ या काळात त्यांनी वापरलेल्या १५८ हार्ड डिस्क विकत घेतल्या आणि त्यांत काय शिल्लक आहे ते पाहिलं. निबंध २००३ साली छापून आला. हजारो क्रेडिट कार्डांचे नंबर, आजारपणाची कागदपत्रं, प्रेमपत्रं. एक डिस्क तर एटीएम यंत्रातून निघालेली. वाचता आलेल्या डिस्कपैकी नीट पुसलेल्या फक्त १२ होत्या. हे वाचताना मला त्या आकड्यांपेक्षा ते दोघंच जास्त दिसत होते. रात्री उशिरा एकेक डिस्क जोडताहेत आणि समोर कोणाचं तरी आयुष्य उलगडतंय. त्यांनाही कुठंतरी 'थोडंसंच' वाचून थांबावं लागलं असेल.

नवीन लॅपटॉप एव्हाना घरात आला होता. अख्खी डिस्क एन्क्रिप्ट करायची, म्हणजे किल्लीशिवाय तिच्यातलं काहीच वाचता येणार नाही अशी कुलूपबंद करायची, हे ठरवायला मला एक संध्याकाळ लागली आणि प्रत्यक्ष करायला दोन महिने. कारण आळस नव्हता. कारण ती अकरा मिनिटं होती. जुनी डिस्क एन्क्रिप्ट केलेली असती, तर त्या माणसाच्या रिकव्हरीला माझं एक अक्षर मिळालं नसतं. माझे रिपोर्ट, माझी विवरणं, ते पत्र, सगळं सुरक्षित राहिलं असतं आणि आईचा आवाज कायमचा गेला असता. त्या उघड्या डिस्कनं माझी लाज राखली नाही, पण माझ्या चुकीनंतरही आईला सांभाळून ठेवलं. आता मी अशी डिस्क करणार होते जी कोणावरच दया करणार नव्हती, माझ्यावरही नाही. चार वेळा इन्स्टॉलर उघडला आणि 'डिस्क एन्क्रिप्ट करा' या चौकोनाजवळ येऊन बंद केला.

शेवटी हे मनाशी नीट मांडलं तेव्हा वाट दिसली. इतकी वर्षं काय टिकणार आणि काय जाणार हे मी नशिबावर सोडून दिलं होतं. नशिबानं एकदा हात दिला होता. पण जे टिकायला हवं ते टिकवण्याचं काम आपलं आहे, ते डिस्कच्या गबाळेपणावर टाकून कसं चालेल? म्हणून कुलूप लावण्याआधी मी बॅकअप घेतला. एक बाहेरच्या डिस्कवर, आणि बहिणीकडे ठेवायला दुसरा वेगळ्या डिस्कवर. दोन्ही डिस्क एन्क्रिप्ट करायच्या होत्या, कारण उघडा बॅकअप म्हणजे पुढचं दार लावून मागचं सताड ठेवण्यासारखं.

त्यासाठी काळ्या खिडकीत कमांड दिली तेव्हा एक ओळ आली: या डिस्कवरचं सगळं कायमचं पुसलं जाईल, खात्री असेल तर 'येस' हा शब्द कॅपिटल अक्षरांत लिहा. एरवी एखादं बटण दाबून आपण किती गोष्टींना संमती देतो. इथं शिफ्टवर बोट दाबून धरून तीन अक्षरं लिहावी लागतात. लहान अक्षरांत लिहिलं तर प्रोग्राम निमूटपणे थांबतो, पुढे जात नाही. ज्यानं कोणी ही अट घातली त्याला माणसाचा हात किती सहज सरावतो हे माहीत असणार. तीन अक्षरं लिहायला मला चांगला एक मिनिट लागला. डिस्क रिकामी आहे हे तीनदा पाहून झालं होतं, तरीही.

मग पासफ्रेजचा, म्हणजे अनेक शब्दांच्या लांबलचक पासवर्डचा प्रश्न. पहिला विचार अर्थातच आईचा आला. रेकॉर्डिंगमधलंच एखादं वाक्य घ्यावं, 'दोन सुलट, दोन उलट' पासून सुरू होणारं. रोज सकाळी तिच्या शब्दांनी दार उघडेल. विचार इतका गोड होता की तो सोडणं जड गेलं. पण जे आपल्याला जवळचं असतं तेच किल्ली म्हणून सगळ्यात कच्चं. आपल्या माणसांची नावं, आवडती ओळ, घरात सतत म्हटलं जाणारं वाक्य, हे आपल्याला ओळखणाऱ्याला सुचतं आणि न ओळखणाऱ्याच्या यंत्रालाही सुचतं, कारण माणसं कशी निवडतात हे त्या यंत्रांना शिकवलेलं असतं. शिवाय तो परका माणूस ते वाक्य ऐकून बसला होता. चांगली किल्ली अशी हवी की तिच्यात मी कुठंच नसेन.

अशा किल्लीसाठी फासे टाकण्याची एक जुनी आणि अतिशय सुंदर रीत आहे. आर्नोल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ मध्ये ती मांडली. फासा पाच वेळा टाकायचा, आलेले पाच आकडे यादीत शोधायचे, समोरचा शब्द घ्यायचा. सहा बाजूंचा फासा पाच वेळा टाकला की ७,७७६ शक्यता होतात, म्हणून यादीत तितकेच शब्द. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेनं २०१६ साली लक्षात ठेवायला सोपे शब्द निवडून नवी यादी केली, मी ती घेतली. सहा शब्द म्हणजे फासा तीस वेळा. शक्यता किती, तर दोनावर तेवीस शून्यं इतक्या. आधी मला मराठी शब्द हवे होते. पण डिस्क उघडण्याआधीच्या त्या पडद्यावर देवनागरी लिहिता येईल याचा भरवसा धरता येत नाही, आणि मराठी शब्द रोमनमध्ये लिहायचे तर 'वीज'ला एक आय की दोन ई, 'घर' नंतर ए येतो की नाही, यातच आपली किल्ली हरवायची. म्हणून इंग्रजी यादी. लाकडी टेबलावर फासा टाकताना त्याचा तो कोरडा, टणक आवाज रात्री फार मोठा वाटत होता. सहावा शब्द मला आवडला नाही, पुन्हा टाकावासा वाटला. टाकला नाही. आवडीनं बदलायला लागले की तिच्यात मी शिरणारच.

नंतर जे वाचलं त्यानं मला हे सगळं यंत्र एकदम जवळचं वाटू लागलं. माझ्या लॅपटॉपवर चालते त्या लिनक्स सिस्टिममध्ये डिस्कच्या कुलपाची जी पद्धत रूढ आहे तिला लक्स म्हणतात. क्लेमेन्स फ्रुहविर्थ यांनी ती २००४ मध्ये तयार केली. डिस्कवरचा मजकूर आपल्या पासफ्रेजनं कुलूपबंद होतच नाही. त्यासाठी यंत्र स्वतःच एक मूळ किल्ली बनवतं, ती आपण कधी पाहतही नाही. पासफ्रेज फक्त त्या मूळ किल्लीची पेटी उघडते. म्हणून पासफ्रेज बदलली तरी डिस्कवरचं एक अक्षर पुन्हा लिहावं लागत नाही, आणि म्हणूनच एका डिस्कला अनेक पेट्या असू शकतात, नव्या आवृत्तीत बत्तीसपर्यंत. पण मी खरी थबकले ती पुढच्या गोष्टीपाशी. ही चौसष्ट बाइटची मूळ किल्ली पेटीत नुसती ठेवत नाहीत. ती चार हजार पट पसरवतात, अडीचशे किलोबाइट होईपर्यंत, आणि अशी गुंफतात की त्यातला एक कण जरी गेला तरी पुरी किल्ली गेली. कशासाठी? डिस्क पुसल्यावरही कुठेतरी एखादा तुकडा मागे ठेवते, हे फ्रुहविर्थ यांना पक्कं ठाऊक होतं. एवढ्याशा किल्लीची प्रत कुठल्या तरी खराब म्हणून बाजूला टाकलेल्या कोपऱ्यात राहू शकते. अडीचशे किलोबाइट सगळेच्या सगळे नाही राहणार. म्हणजे ही वीण मुद्दाम अशी घातली आहे की एक टाका सुटला की सगळं उसवावं. माझ्या जुन्या डिस्कला जे जमलं नव्हतं, खरोखर विसरणं, ते कोणीतरी इतक्या विचारानं घडवलं होतं.

आईच्या रेकॉर्डिंगमध्ये साधारण सातव्या मिनिटाला एक वाक्य आहे. "टाका सुटला की लगेच नाही दिसत. चार ओळी पुढे गेल्यावर कळतं."

गुप्त यातलं काहीच नाही, हेही मला फार आवडलं. ऑगस्ट केर्कहॉफ्स या डच भाषातज्ज्ञानं १८८३ मध्येच लिहून ठेवलं होतं की पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. डिस्कवरचा मजकूर एईएस नावाच्या ज्या गणितानं बंद होतो ते योआन डेमन आणि व्हिन्सेंट राइमेन या दोन बेल्जियन माणसांनी रचलं, खुल्या स्पर्धेतून निवडलं गेलं आणि २००१ साली मानक म्हणून प्रसिद्ध झालं. कोणीही उघडून वाचावं. गळ्याचा नमुना कुठल्याही पुस्तकात छापलेला असतो तसा. लपवायची असते ती फक्त किल्ली.

लॅपटॉपवर मी तो चौकोन पाचव्यांदा आला तेव्हा टिचकी मारली आणि पुढे गेले. त्या वेळी लॅपटॉप जवळजवळ कोराच होता, हे बरं झालं. यातली डिस्क फिरती नाही, एसएसडी आहे, म्हणजे मजकूर चिपमध्ये साठवणारी, आणि एसएसडी झिजू नये म्हणून आतला कंट्रोलर मजकूर सतत इकडून तिकडे हलवतो. वरून पुन्हा लिहिलं तरी जुनी प्रत नक्की गेली असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. तेव्हा आधी उघडं लिहून मग लपवण्यापेक्षा पहिल्या अक्षरापासून बंद असलेलं चांगलं. काम मात्र झटकन झालं. इतका विचार केल्यावर मला काहीतरी मोठं घडेल असं वाटत होतं. पडद्यावर एक निळी पट्टी सरकत गेली आणि लॅपटॉपनं स्वतःला बंद करून चालू केलं.

आता रोज सकाळी आधी तो काळा पडदा येतो. एकच ओळ आणि पुढे रिकामी जागा. सहा शब्द लिहायचे, एंटर दाबायचं, आणि मग दोन सेकंद काहीच होत नाही. ही दोन सेकंदं मुद्दाम ठेवलेली आहेत. पासफ्रेज तपासण्याच्या हिशेबाला आर्गॉन-टू म्हणतात. २०१५ साली एका स्पर्धेत तो निवडला गेला. तो वेळ खातो आणि मेमरीही भरपूर खातो, कारण मला दोन सेकंद थांबायला काही वाटत नाही, पण कोट्यवधी वेळा अंदाज मारणाऱ्याला प्रत्येक वेळी तेवढं थांबावं लागलं तर त्याचा जन्म पुरत नाही. सुरुवातीला त्या दोन सेकंदांत माझा श्वास अडकायचा. आज उघडलं नाही तर? मग ओळी भराभर खाली धावायच्या आणि मी सैल व्हायचे. त्यानंतर दिवसभर कुलूप आहे हे जाणवतही नाही. हल्लीच्या प्रोसेसरमध्ये हे गणित करण्याची सोय आतच असते, काही हळू होत नाही.

एक सवय मात्र मोडावी लागली. झाकण मिटून लॅपटॉप तसाच पिशवीत टाकायची. झोपवलेल्या लॅपटॉपच्या मेमरीत मूळ किल्ली जागीच असते. वीज तोडली की मेमरी तत्काळ कोरी होते असं मीही समजत होते. २००८ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की तसं होत नाही: धूळ उडवायचा हवेचा डबा उलटा धरून मेमरीच्या चिपवर फवारला, ती उणे पन्नास अंशांपर्यंत गार केली, की आतली अक्षरं कित्येक मिनिटं टिकतात आणि त्यातून किल्ली काढता येते. माझ्यावर असा प्रसंग कोण आणणार? कोणी नाही. तरीही प्रवासाला निघताना मी लॅपटॉप पूर्ण बंद करते, दिवा विझेपर्यंत थांबते. आपण दार लावून एकदा ओढून पाहतो तसं. चालू लॅपटॉपवर आलेल्या व्हायरसपुढे या कुलपाचा काही उपयोग नाही, तेही मला माहीत आहे.

एका मैत्रिणीला हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, माझ्याकडे विंडोज आहे, मला हे काही करायचं नाही. पाहिलं तर तिच्या लॅपटॉपवर एन्क्रिप्शन आपोआप चालूच झालेलं होतं आणि तिला पत्ताच नव्हता. त्याची एक रिकव्हरी किल्ली असते, अठ्ठेचाळीस आकडी, सहा-सहाच्या आठ गटांत. ती तिच्या खात्यात जमा होती आणि त्या खात्याचा पासवर्ड ती विसरली होती. एखादा अपडेट बिघडला असता तर तिच्या मुलाचे पहिल्या वर्षाचे फोटो तिच्यासमोर असून तिला दिसले नसते. आम्ही दोघींनी बसून ते खातं सोडवलं, आकडे कागदावर उतरवले, एकमेकींना वाचून दाखवत पडताळले. आपल्या घराला कुलूप आहे आणि किल्ली कुठं आहे हे आपल्याला माहीत नाही, असं किती जणांचं असेल, याची मला त्या दिवसापासून खरी काळजी वाटते.

माझ्या किल्लीचं काय, हा प्रश्न उरलाच होता. मी एकटीच ते सहा शब्द जाणत होते. आईला शेवटच्या दिवसांत आमची नावं आठवत नव्हती, सुया हातात दिल्या की मात्र बोटं चालायची. हे पाहिलेलं असल्यामुळे डोक्यात ठेवलेल्या गोष्टीवर माझा फार विश्वास नाही. म्हणून मी बहिणीकडे गेले. बॅकअपची डिस्क नेली, लॅपटॉप नेला, फासा आणि यादी नेली. तिला म्हटलं, दुसरी पेटी तुझी. तुझे शब्द तू काढ. ती आधी वैतागली. "ताई, मला द्यायची तर कुलूप लावलंस कशाला?" मी म्हटलं, "लॅपटॉप ज्याच्या हाती पडेल त्याच्या हाती तुझं घर पडणार नाही ना." तिनं तीस वेळा फासा टाकला, शब्द कागदावर लिहिले, दोन्हीकडे स्वतःच टाइप केले आणि कागद मी नेलेल्या पाकिटात घालून चिकटवला. मी तोंड फिरवून बसले. तिचे शब्द मला आजही माहीत नाहीत.

ते पत्र त्याच डिस्कवर आहे. जुन्या लॅपटॉपवरून आलेल्या बॅकअपमध्ये होतं, नव्यावर आलं. तिला किल्ली देण्याच्या आदल्या रात्री मी ते उघडलं, पूर्ण वाचलं, आणि पुसायचं म्हणून बटणावर बोट ठेवलं. पुसलं नाही. त्यात तिच्याबद्दल जे लिहिलंय ते खरं नव्हतं, पण त्या दिवसांत मी किती थकले होते ते त्यातल्या प्रत्येक ओळीत खरं आहे. माझ्या मागे तिनं ते वाचलं तर वाचेल. परक्या माणसानं ते वाचलं असेल या कल्पनेनं मी रात्ररात्र जागले, आणि जिच्याबद्दल ते आहे तिच्या हाती किल्ली देताना हात थरथरला, पण मागे आला नाही. असं का, ते मला नीट सांगता येत नाही.

मग मी आजारी पडले. ताप तीन आठवडे रेंगाळला. एवढ्या दिवसांत लॅपटॉप उघडला नाही. उघडला त्या सकाळी काळा पडदा आला आणि माझी बोटं तिसऱ्या शब्दावर थांबली. पहिले दोन आले, शेवटचा, न आवडलेला, तोही आला. मधलं सगळं कोरं. जे आठवलं ते लिहून पाहिलं. दोन सेकंद, आणि पुन्हा तीच ओळ. क्रम बदलून पाहिला. दोन सेकंद. डोळे मिटून, बोटांना त्यांच्या वाटेनं जाऊ देऊन पाहिलं. दुपारपर्यंत मी तशीच बसले होते. भीती वाटली, पण त्याहून जास्त वाटली ती एक विचित्र शांतता: कुलूप खरंच लागलं होतं. मलाही आत घेत नव्हतं.

बहिणीनं दार उघडलं आणि माझा चेहरा पाहून काही विचारलं नाही. लॅपटॉप टेबलावर ठेवला. ती आत गेली आणि आईच्या सुयांचा लांबट पत्र्याचा डबा घेऊन आली. मी तिला पाकीट कुठं ठेव हे सांगितलं नव्हतं. तिनं दहा नंबरच्या सुया बाजूला सारल्या, त्यांच्याखालचं पाकीट काढलं, एका कडेनं फाडलं. मी खिडकीकडे तोंड केलं. ती एका बोटानं टाइप करते, प्रत्येक अक्षर शोधून. पहिल्यांदा चुकलं. तिनं पुन्हा सुरू केलं, या वेळी ओठांतल्या ओठांत पुटपुटत, आई टाके मोजायची तसं. मग बटणांचा आवाज थांबला. दोन सेकंद झाली.

"उघडलं," ती म्हणाली आणि पडद्याकडे न पाहता लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "पुढचा पासवर्ड तुझा तू टाक."

मी टाकला. ती कागदाची जुन्याच घडीवर घडी घालत होती. "नवं पाकीट आणलंयस का?" तिनं विचारलं. "हे फाटलं." मी आणलं नव्हतं. तिनं कागद तसाच सुयांखाली ठेवला, डब्याचं झाकण दाबून लावलं, आणि माझ्यासाठी नवे शब्द काढायला फासा शोधू लागली.